हरतानाचा एक गुण : पलटण, सायकल आणि घाटातली शर्यत

चिंचवडचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी पुणेरी पलटणचा माणूस. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून. सुरुवातीचे दोन्ही हंगाम आम्ही तळाशी होतो. शेजारी मुंबईत मात्र सगळा थाटमाट. अनुप कुमारच्या यू मुंबानं पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ मध्ये बंगळुरूला हरवून करंडकही उचलला. आमच्या ऑफिसातले निम्मे पुणेकर तेव्हा यू मुंबाचे झाले होते. मला ते जमलं नाही. माझे मामा मातीवरच्या कबड्डीत डावा कोपरा खेळायचे. गुडघे सोललेले, घोट्याला पट्टी. ते म्हणायचे, की आपला संघ पोरानं निवडायचा नसतो, आपल्या गावचा जो असेल तो आपला. ते मनात बसलं ते बसलंच.

बालेवाडीच्या क्रीडा संकुलातली काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. पलटण ११ गुणांनी मागे, चारेक मिनिटं उरलेली. आमच्या रांगेतली माणसं उठायला लागली. पार्किंगमधून गाडी लवकर काढायची म्हणून. मुलगी शेजारी होती, तेव्हा सहावीत. तिनंही विचारलं, "बाबा, निघायचं?" मी तिला खाली बसवलं आणि नियम सांगितला. जिंकलं तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३, आणि ७ किंवा त्याहून कमी फरकानं हरलं तर १ गुण. म्हणजे सामना हातातून गेला तरी काहीतरी हातात राहू शकत होतं. मग आम्ही दोघं अकराचे सात कसे होतील ते मोजत बसलो. एक बोनस आला. मग आमचे तिघंच मैदानात राहिले आणि त्या तिघांनी समोरच्या चढाईपटूला मध्यरेषेच्या हातभर अलीकडे दाबून धरलं. सुपर टॅकल, २ गुण. मुलगी खुर्चीवर उभी राहिली. शेवटी ६ गुणांनी हरलो. ती घरी जाऊन आईला सांगत होती, "आपल्याला एक गुण मिळाला!" हरलो हे तिनं नंतर सांगितलं.

पुढं मोठ्या हारीही पाहिल्या. १७ डिसेंबर २०२२, मुंबईतली अंतिम फेरी, जयपूरकडून ३३-२९. आमचा चढाईपटू अस्लम इनामदार दुखापतीमुळे बाहेर होता. कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. मग १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं नमवून आम्ही पहिल्यांदा जिंकलो. नगर जिल्ह्यातला आमचा अस्लम कर्णधार म्हणून करंडक धरून उभा होता. मामा त्याआधी दोन वर्षं गेले होते. त्या रात्री मी त्यांच्या फोटोसमोर पेढा ठेवला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अकराव्या हंगामाची अंतिम फेरी चक्क आमच्या बालेवाडीत झाली, आणि पलटण बाद फेरीतसुद्धा नव्हती. तरी मी गेलो. हरियाणाला पाटण्याविरुद्ध जिंकताना पाहिलं. आपल्या घरात दुसऱ्यांचं लग्न लागावं तसं वाटलं, पण कबड्डी चांगली झाली. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार, ३१-२८. या वेळी फझल समोरच्या बाजूला, दबंग दिल्लीच्या बचावात. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी घसा बसवला तोच आपल्या पोरांना पकडतोय, हे बघताना पोटात तुटलं.

पण त्या हारीपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. बाराव्या हंगामापासून तो एक गुण काढून टाकला. आता जिंकलं तर २, हरलं तर शून्य. ६ नं हरा की ३० नं, सारखंच.

हे सायकलच्या गप्पांमध्ये कशाला, तर सांगतो. गेली ९ वर्षं मी हौशी शर्यतींत भाग घेतोय. कधी नंबर आलेला नाही, येणारही नाही. वय ४६, वजन ८४. चढावर मला सगळे मागं टाकतात. तरी नाव नोंदवतो, कारण छातीवर नंबर लावला की मी एकट्यानं कधीच काढणार नाही एवढा जोर पायांतून निघतो.

मागच्या वर्षीची सातारा बाजूची एक शर्यत. आयोजकांचं नाव घेत नाही. अंतर ५४ किलोमीटर, मध्ये घाट, वेळमर्यादा ४ तास. पत्रकात स्पष्ट छापलेलं, की मर्यादेत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ नोंदली जाईल. घाटाच्या निम्म्यावर माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. हात घामानं ओले, टायर रिमवरून सुटेना. ट्यूब बदलून पंपानं हवा भरेपर्यंत १७ मिनिटं गेली. तेवढ्यात एक काका शेजारून गेले. साठीच्या पुढचे, साधी दांडीची सायकल, गिअर नाही, पुढं घंटी. पायात चप्पल. "काय मदत पायजे का?" म्हणाले. मी नको म्हटलं. तरी ते मिनिटभर थांबले, पंप धरला, मग गेले. पुढं तीव्र वळणावर ते उतरून सायकल ढकलत होते, तिथं मी त्यांना गाठलं आणि मागं टाकलं.

३ तास ४१ मिनिटांनी मी पोचलो तर शेवटची कमान जमिनीवर. हवेची असते ना ती, पंखा बंद केला की बसते. वेळ नोंदवायची चटई एक पोरगा सतरंजीसारखी गुंडाळत होता. पलीकडे मंडपात सत्कार चालू. मी म्हटलं, अजून १९ मिनिटं आहेत. उत्तर आलं, "अहो, नंबर लागले सगळे. पाहुण्यांना पुढं जायचंय."

माझं राहू दे. मला मागचे काका आठवले. जिथं चटई होती तिथं डांबरावर चिकटपट्टीची खूण उरली होती. तिथंच मी सायकल आडवी घालून मोबाईल हातात धरून उभा राहिलो. काका आले. शर्ट पाठीला चिकटलेला, पण वळणावर घंटी वाजवली त्यांनी. मी ओरडून सांगितलं, "तीन तास छप्पन्न मिनिटं!" ते उतरले, चष्मा पुसला, आणि पहिला प्रश्न विचारला, "नोंद झाली का?"

मला उत्तर देता आलं नाही. निकालाच्या यादीत आम्हा दोघांच्या नावापुढं 'पूर्ण नाही' असं छापून आलं.

म्हणून हा धागा. जिंकणाऱ्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण शर्यतीनं वेळेची मर्यादा जाहीर केली असेल, तर त्या मर्यादेच्या शेवटच्या सेकंदापर्यंत कोणीतरी रेषेवर उभं पाहिजे. तुमचे संघ, तुमच्या शर्यती, तुमचे अनुभव लिहा.

पेठेतला_पोरगा

दादा, लई आतून लिहिलंय. कोल्हापुरात आमच्याकडं संघ निवडायचा प्रश्नच येत नाही. घर कुठल्या पेठेत, तालीम कुठली, त्यावर ठरतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी. आजोबा ज्या तालमीत जोर मारायचे त्या तालमीच्या फुटबॉल संघाला नातू शाहू स्टेडियमवर आवाज देतो. बाकीच्या महाराष्ट्रात तालीम म्हणजे कुस्ती, आमच्यात तालीम म्हणजे फुटबॉलपण. वर्ल्डकप आला की गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझील, पण तो महिन्याचा पाहुणा. २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला तेव्हा आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. त्या दिवशी पाटाकडील आणि शिवाजीची पोरं एकाच टीव्हीसमोर बसली होती, हे मी डोळ्यानं बघितलंय.

शेवटपर्यंत थांबायचं म्हणाल तर आमच्याकडं कोणी उठत नाही. उठला तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर विचारतात, कुठं गेलतास?

त्या काकांचं वाचून वाईट वाटलं. नोंद पायजेच होती.

गणिती

धागा आवडला, पण त्या एका गुणाबद्दल माझं मत वेगळं आहे. तो नियम कागदावर छान होता. प्रत्यक्षात काय व्हायचं? शेवटच्या दीड मिनिटात ५-६ नं मागे असलेला संघ जिंकायचा प्रयत्नच सोडून द्यायचा. चढाईपटू ३० सेकंद नुसता मध्यरेषेजवळ नाचून परत. कारण धोका घेतला आणि फरक ८ झाला तर हातातला गुणही जाणार. पुढचा संघही खूश, मागचाही खूश, आणि तिकीट काढून बसलेले आपण ते बघत राहायचो. २ आणि शून्य केल्यावर शेवटपर्यंत जिंकण्यासाठी खेळावं लागतं. बाराव्या हंगामात साखळी सामनेही बरोबरीत सोडत नव्हते, तिथंच निकाल लावत होते. मला तर ते आवडलं.

शर्यतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिथं मर्यादा जाहीर केली होती. शब्द दिला की पाळायचा, एवढा साधा हिशेब आहे.

चिंचवडचा_सायकलवाला

गणिती, तुम्ही म्हणता ते मी पाहिलंय. नुसतं नाचून परत जाणं मलाही आवडत नव्हतं, शिट्ट्या मीही मारल्यात. पण ११ नं मागे असलेल्या संघाचं काय? त्यांना जिंकणं शक्य नाही आणि आता मिळवायलाही काही नाही. त्या रात्रीची शेवटची चार मिनिटं नव्या नियमात कशी झाली असती? तिघांनी मिळून ती पकड केली असती का? केलीही असती, कारण खेळाडू मानी असतात. पण माझ्या मुलीला खाली बसवायला माझ्याकडं कारण उरलं नसतं.

पहाटे_पाच

मी ठाण्याची, धावणारी. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तीनदा केली. निम्मं अंतर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरायचं, त्यामुळे परतताना मागचे सगळे समोरून भेटतात. त्या शर्यतीत मला सगळ्यात आवडतं ते हेच. पुढचे उतरता उतरता वर येणाऱ्यांना टाळ्या देत जातात. मी वर चढत असताना एका अनोळखी मुलीनं धावता धावता हात पुढं केला, टाळी दिली आणि "आलाच माथा, ताई" म्हणाली. माथा अजून तीन किलोमीटर होता. पण पाय हलले.

तुमचं वाचून दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स आठवली. डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामध्ये, जवळजवळ ९० किलोमीटर, १९२१ पासून चालू आहे. दर वर्षी आपल्याकडची बरीच मराठी मंडळी जातात. वेळमर्यादा १२ तास. अकरा तास पन्नास मिनिटं झाली की स्टेडियममध्ये कोणी जागचं हलत नाही. बारा तास पुरे होताना शर्यतीचा माणूस येणाऱ्यांकडं पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदानं आलेल्यालाही पदक नाही. फार कठोर आहे. आमच्या गटातली एक मैत्रीण त्या रेषेच्या अलीकडं राहिली, मी तिला रडताना पाहिलंय. तरी ती म्हणाली, की बारा म्हणजे बारा होते, माझ्यासाठी अकरा पंचेचाळीसला दार लावलं नाही कोणी. तिथं मर्यादेच्या आत शेवटचा येणाऱ्यासाठी जेवढा आवाज होतो, तेवढा पहिल्यासाठीही होत नसेल.

तुमच्या त्या काकांसाठी पंधरा मिनिटं आधीच दार लावलं.

संत्रानगरी

आमच्या विदर्भाचं ऐका. १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी खेळतोय. माझे वडील सिव्हिल लाईन्सच्या जुन्या मैदानावर डबा घेऊन बसायचे. विदर्भ हरणार हे ठरलेलंच, तरी चौथ्या दिवशीही जायचे. विचारलं तर म्हणायचे, आपले आहेत ना बाबू. साठ वर्षं अशीच गेली. मग १ जानेवारी २०१८, इंदूर. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, रजनीश गुरबानीची अंतिम सामन्यात हॅटट्रिक, आणि दिल्लीला ९ गड्यांनी हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो, २०२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. मुंबईवाले ४२ विजेतेपदं मोजतात, आम्हाला आमची तीन तोंडपाठ आहेत.

सायकलचंही सांगतो. २०१७ साली आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ अमेरिकेतली रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत, एकट्यानं पूर्ण करून आले. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, ४,८०० किलोमीटरच्या आसपास, १२ दिवसांच्या आत. त्याच वर्षी त्यांच्या थोडं आधी श्रीनिवास गोकुलनाथ पोचले, एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय. त्याआधी २०१५ ला नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं केली होती. ही सगळी हौशी माणसं. दवाखाना, नोकरी सांभाळून पहाटे सायकल काढणारी. जिंकणं त्यांच्याही हिशेबात नव्हतं. मर्यादेच्या आत पोचायचं होतं, आणि पोचले म्हणून तर आज आपण त्यांची नावं घेतोय. ती चटई कोणी आधीच गुंडाळली असती तर?

घाटाचा_राजा

आयडीवरून गैरसमज नको. सायकलवाल्यांच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, तसं आमच्या खेड-जुन्नरकडं बैलगाड्यातही घाटाचा राजा असतो. आमचा घाट म्हणजे गाडा पळवायची चढाची धावपट्टी. २०१४ च्या मे महिन्यात बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं यात्रा झाल्या पण घाट सुने होते. बैलांना त्रास देणारे होते हे मला मान्य आहे, अटी हव्यातच, चाबूक-काठी नकोच.

एक सांगायचं होतं. आमच्यात गाड्याचे सेकंद माईकवर पुकारतात. पहिल्यात बसलेला असो की शेवटच्या फळीतला. गरीब शेतकऱ्यानं कर्ज काढून सांभाळलेली जोडी, तिची बारी झाली की मालकाच्या नावासकट सेकंद गावाला ऐकू जातात. तो त्या आवाजासाठीच आलेला असतो. तुमच्या शर्यतीत सेकंद पुकारायला माणूस नसावा, हे आश्चर्य आहे.

रस्ता_बंद

आता दुसऱ्या बाजूनं लिहितो. मी एका छोट्या शर्यतीच्या आयोजनात असतो, धाग्यातल्या नव्हे. जे झालं ते चूकच. पण ते का होतं ते सांगतो.

रस्त्याची परवानगी ठरावीक वेळेपर्यंत असते. साडेनऊ-दहानंतर एसटी, उसाच्या ट्रॉल्या, रविवारची पर्यटकांची वाहनं सुरू होतात आणि पोलीस म्हणतात आवरा. वेळ नोंदवणारी मंडळी तासावर पैसे घेतात. रुग्णवाहिका एक किंवा दोन. स्वयंसेवक म्हणजे कॉलेजची पोरं, पहाटे चारपासून उभी, दहा वाजता त्यांना पोहे दिले नाहीत तर पुढच्या वर्षी येत नाहीत. आणि ज्यांच्या पैशावर हे चालतं त्या पाहुण्यांना फोटोपुरतं थांबायचं असतं. या सगळ्यात मागचे दहा-बारा जण कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं.

आम्ही दोन वर्षांपासून एक सुधारणा केली. सगळ्यात मागं आमचा एक सायकलस्वार ठेवतो, ठळक रंगाचं जाकीट घालून. तो कोणालाही मागं टाकत नाही. तो रेषेवर आल्याशिवाय कमानीचा पंखा बंद करायचा नाही, असा नियम. बक्षीस समारंभ रेषेपासून लांब ठेवतो, म्हणजे घाई तिकडं होते, रेषेवर नाही. चटईवाल्यांचे तास संपले तर हातानं नोंद.

यंदा मागच्या सायकलस्वारासाठी माणूस मिळत नाहीये. सगळ्यांना पळायचंय.

चिंचवडचा_सायकलवाला

रस्ता_बंद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चारला उठलेल्या त्या पोरांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. चटई गुंडाळणारा तो मुलगाही तसाच असणार. मी त्याच्यावर आवाज चढवला होता, ते चुकलं माझं.

तुमच्या यंदाच्या शर्यतीत मागचा सायकलस्वार मी होईन. वजन ८४ असल्यामुळे माझ्या पुढं जायला कोणाला अडचण येणार नाही. दोन जास्तीच्या ट्यूब, पंप, लिव्हर, पॅच, साखळीचं तेल, मीठ-साखरेचं पाणी एवढं बरोबर ठेवतो. तारीख आणि जमायची जागा व्यक्तिगत निरोपात कळवा.

त्या काकांचा पत्ता माझ्याकडं नाही, पण सायकलला लावलेल्या दुधाच्या किटलीच्या कडीवरून आणि बोलण्यावरून ते वाई तालुक्यातले वाटले. त्या भागातले कोणी हे वाचत असेल तर जरा विचारा. पुढच्या शर्यतीत ते येणार असतील तर त्यांची नोंदणी फी मी भरतो. आणि घंटी काढू नका म्हणावं.

पहाटे_पाच

मी आणि माझी धावणारी मैत्रीण, दोघी येतो. आम्हाला सायकल येत नाही, पण रेषेवर उभं राहता येतं. ही तीच, कॉम्रेड्सच्या रेषेच्या अलीकडं राहिलेली. घड्याळ तिनंच धरायचं ठरलंय.

घाटाचा_राजा

पुकारायला माणूस लागेल ना? आवाज माझा. माईक नसला तरी चालतो.

रस्ता_बंद

निरोप पाठवला आहे सगळ्यांना. जमायची वेळ पहाटे साडेचार. पोहे आहेत. हातानं नोंद करायला वही कोण आणतंय?

चिंचवडचा_सायकलवाला

मुलगी म्हणते ती आणेल. आता ती अकरावीत आहे. मोठी, शंभर पानी, आत्ताच रेघा मारायला बसली आहे. नंबर, नाव, गाव, वेळ. शेवटचा रकाना 'शेरा' ठेवायचा का विचारते आहे.